तुम्ही विचारलंत म्हणून : नैरोबी फ्लाय दिसते तरी कशी?

2022 च्या जुलैमध्ये सिक्कीममधल्या कॉलेजच्या मुलांच्या अंगावर नैरोबी फ्लायमुळे भाजल्यासारखे चट्टे उठले अशी बातमी आली, आणि तेव्हापासून मला कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, की तू तर नैरोबीतच असतेस, ती माशी दिसते कशी आणि चावते का गं? प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

ती माशी नाहीये, भुंगेरा आहे. चावत नाही, डंखही मारत नाही. स्टॅफिलिनिडी नावाच्या कुळातला आहे, या कुळात साठ हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातला पेडेरस हा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, फॅब्रिशियस या डॅनिश कीटकतज्ज्ञाने 1775 मध्ये ठरवला, आणि आमच्याकडे पूर्व आफ्रिकेत ज्याला नैरोबी फ्लाय म्हणतात तो म्हणजे पेडेरस साबेअस, याचं वर्णन एरिकसन या जर्मन कीटकतज्ज्ञाने 1840 मध्ये केलं. पेडेरस एक्सिमिअस नावाची अजून एक जात आहे, तिलाही लोक नैरोबी फ्लायच म्हणतात. भारतात याच वंशातला पेडेरस फ्युसिपेस सर्रास सापडतो, आणि त्रास तोही अगदी तसाच देतो.

आता दिसतो कसा. लांबी साधारण सात ते दहा मिलिमीटर, अंग बारीक आणि लांबट, पटकन बघितलं तर मोठी मुंगीच वाटते. डोकं काळं, त्यामागची छाती नारिंगी-लाल, मग निळसर-हिरव्या धातूसारखे चमकणारे पुढचे पंख, मग परत नारिंगी पोट आणि पोटाचं टोक काळं. हा क्रम पाठच करून ठेवा, काळा, नारिंगी, निळा, नारिंगी, काळा. पुढचे पंख इतके आखूड की पोटाचा बराचसा भाग उघडाच राहतो, पण उडायचे मागचे पंख त्याच्याखाली घडी घालून व्यवस्थित बसवलेले असतात, मला या किड्यात सगळ्यात भारी हेच वाटतं. डिवचलं की पोट वर उचलून पळतो.

पण नुसत्या रंगावरून साबेअस की एक्सिमिअस हे सांगता येत नाही, कारण या वंशातल्या कितीतरी जाती याच रंगात असतात. खात्री करायची तर नर लागतो, त्याचं जननेंद्रिय काढून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. म्हणून कोणी फोटो पाठवून जात विचारली की मी पेडेरस एवढंच सांगते, त्यापुढे बोलणं मला बरोबर वाटत नाही.

त्रास होतो तो पेडेरिनमुळे. हे विष किड्याच्या अंगातल्या द्रवात असतं आणि गंमत म्हणजे ते किडा स्वतः बनवतच नाही, मादीच्या शरीरात राहणारे स्यूडोमोनाससारखे बॅक्टेरिया बनवतात. मादी ते अंड्यांमध्येही देते, त्यामुळे कोळी त्याच्या अळ्यांच्या वाटेला जात नाहीत. आपण झोपेत किंवा मानेवर हात मारून त्याला चिरडलं की ते कातडीवर पसरतं आणि एक-दोन दिवसांत लाल पट्टा उठतो, फोड येतात. कोपराच्या घडीत लागलं तर समोरच्या कातडीवर तसाच दुसरा डाग उमटतो. हात डोळ्याला लागला तर डोळा सुजतो, त्याला इथे नैरोबी आय म्हणतात. 1997-98 मध्ये एल निनोचा जबरदस्त पाऊस पडला तेव्हा केनियात हे किडे प्रचंड वाढले होते, ओल्या जमिनीत वाढतात आणि रात्री दिव्यावर येतात, त्यामुळे पावसाळ्यात खिडकीजवळचा दिवा बंद ठेवायचा.

मग मारायचा का, हा पुढचा प्रश्न असतोच. नका मारू. शेतात तो मावा आणि बाकीचे बारीक किडे खातो. अंगावर बसला तर फुंकर मारा नाहीतर कागदावर चढवून बाहेर सोडा, आणि चुकून चिरडलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा, अंगावरचे कपडेही धुवायला टाका, आणि तोपर्यंत डोळ्याला हात लावू नका.