तुम्ही विचारलंत म्हणून: बुलेटचा ब्लॉक कुणाकडे केला?

रविवारी सकाळी ठाण्यात मामलेदारच्या मिसळीला गेलो की मी हेल्मेट काढेपर्यंत कोणीतरी गाडीपाशी येऊन उभं राहतं. आधी मॉडेल विचारतात, मग ॲव्हरेज. ज्याच्या घरी स्वतःची जुनी गाडी ताडपत्रीखाली पडलेली असते, तो मात्र तिसरा प्रश्न विचारतो आणि आवाज जरा खाली आणून विचारतो: "काका, इंजिन कुणाकडे केलंत? विश्वासाचा माणूस आहे का कोणी?"

आहे. पण नुसता पत्ता दिला तर तुमचं काम होईलच असं नाही. मीही एकदा असाच एक पत्ता घेऊन गेलो होतो, त्याची गोष्ट आधी ऐका.

माझी बुलेट १९८२ ची, ३५० म्हणतात ती. खरं माप ३४६ सीसी. बोअर, म्हणजे पिस्टनच्या नळीची आतली रुंदी, ७० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९०. ती नळी असलेला बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, गिअर उजव्या पायात. मद्रासला १९५५ च्या सुमारास ही गाडी बनायला लागली आणि पुढची कित्येक दशकं इंजिनाचा सांगाडा फारसा बदलला नाही. त्यामुळे पार्ट आजही मिळतात. माणसं मिळत नाहीत.

पहिला गाळा ठाण्यातलाच. माणूस लबाड नव्हता. दिवसभर मोटारींचे आणि टेम्पोचे ब्लॉक बोअर करायचा, म्हणजे झिजलेली नळी आतून कापून मोठी करायचा; दारात रांग असायची. म्हणाला, "ब्लॉक ठेवून जा, ट्वेंटी करून ठेवतो. पिस्टन नंतर आणा, त्याचं माप ठरलेलंच असतं." ट्वेंटी म्हणजे मूळ मापापेक्षा वीस थाऊ मोठं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा वीस थाऊ साधारण अर्धा मिलिमीटर. माझा पिस्टन कुरिअरमध्ये अडकलेला होता, मला हे सोयीचंच वाटलं. दोन दिवसांत ब्लॉक हातात. आतून आरशासारखा चकचकीत. मी खूश.

तिसऱ्या रविवारी घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये रांगत होतो. इंजिनाचा दम हळूहळू कमी होत गेला, बारीक टकटक सुरू झाली आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. क्लच दाबायचं सुचलं म्हणून पडलो नाही. पिस्टन जाम. ब्लॉक उघडला तर आत बोटाच्या नखाला लागतील असे उभे ओरखडे.

आता यात चूक कुठे होती ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. मोटारीच्या इंजिनात ब्लॉकभोवती पाणी फिरतं, चारी बाजू बऱ्यापैकी एकसारख्या तापतात, म्हणून पिस्टन जरा घट्ट ठेवला तरी चालतो. बुलेटला पाणी नाही, पंखाही नाही. जुन्या चेतक स्कूटरला निदान फ्लायव्हीलवर पंखा आणि वरून पत्र्याचं आवरण असतं, गाडी उभी असली तरी वारा मिळतो. बुलेटच्या ब्लॉकला वारा लागतो तो समोरून, तोही गाडी चालत असेल तर. मागची बाजू कायम जास्त तापते. गायमुखच्या जॅममध्ये तर सगळ्याच बाजू. त्या गाळेवाल्याने हाताच्या सवयीने मोटारीचा फिट दिला, आणि तोही पिस्टन न मोजता. पिस्टन कंपनीगणिक, कधी कधी डब्यागणिक थाऊभर इकडेतिकडे असतो. भांडायला गेलो तर म्हणाला, "गाडी तापवलीत तुम्ही." तेही खरंच होतं म्हणा.

दुसरा माणूस मला बुलेटवाल्यांकडून मिळाला नाही. मी बँकेत होतो. कर्ज दिलेल्या कारखान्यांचा माल तपासायला फिरायचो. रबाळ्याच्या एका कारखान्यात कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर खोलून ठेवला होता. त्याचा ब्लॉक नुकताच बोअर होऊन आला होता. बिडाचाच, बाहेरून पाती असलेला, बुलेटच्या ब्लॉकचा सख्खा भाऊ म्हणा. त्याच्या एका पातीला बारीक तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर पेन्सिलीने सहा आकडे: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी समोरून-मागे एक, डावी-उजवीकडे एक. खाली पिस्टनचं माप, त्याखाली दोघांमधला फरक आणि तारीख.

तीस वर्षं लोकांचे स्टॉक रजिस्टर तपासले, इतका सरळ कागद क्वचित बघितला होता. मालकांना विचारलं हे कुणाचं काम. ते म्हणाले, "वागळेत एक काका आहेत. वेळ लावतात, पण ब्लॉक परत न्यावा लागत नाही."

वागळे इस्टेट एमआयडीसीची सगळ्यात जुनी वसाहत. महामंडळ १९६२ चं, आणि सुरुवात इथूनच झाली. मोठे कारखाने एकेक करून बंद झाले, पण त्यांच्या टूलरूममध्ये हात बसलेली माणसं लगेच नाहीशी झाली नाहीत. कुणी व्हीआरएसच्या पैशातून जुना लेथ घेतला, कुणी आयटीआयच्या मित्राबरोबर भागीत गाळा. काका त्यातलेच. गाळा दोन मोटारी उभ्या राहतील एवढा. एक बोअरिंग मशीन, एक होनिंगचं, म्हणजे दगडाने आतून घासायचं, एक लेथ आणि देव्हाऱ्याशेजारी काचेच्या कपाटात मायक्रोमीटर. ते कपाट दुसऱ्या कुणी उघडलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा ब्लॉक हातातही घेतला नाही. "पिस्टन आणलाय?" नव्हता. "मग पिस्टन, रिंग, पिन घेऊन या. ब्लॉक पिस्टनच्या मापाने कापायचा असतो, तुमच्या घाईने नाही."

फॉर्टीचा पिस्टन घेऊन पुन्हा गेलो. ट्वेंटीचं माप त्या एका चढावर फुकट गेलं होतं. काकांनी पिस्टन पुसला, आडवा धरला आणि खालच्या कडेजवळ, पिनच्या काटकोनात मायक्रोमीटर लावला. मी विचारलं, वर का नाही? "पिस्टन गोल नसतो साहेब. थोडा लंबगोल असतो, आणि वर बारीक. सगळ्यात मोठा जिथे, तिथे मोजायचा." मग त्याच मापावर बोअर गेज, म्हणजे नळीचं आतलं माप घेणारं काट्याचं यंत्र, शून्य करून ब्लॉकमध्ये सोडला आणि काटा किती हलतो ते मलाच वाचायला लावलं. चष्मा डोक्यावर होता, तो खाली घ्यावा लागला.

बोअरिंग त्याच संध्याकाळी झालं. शेवटचे दोन-तीन थाऊ त्यांनी होनिंगसाठी राखले आणि मशीन बंद केलं. "उद्या या. आत्ता ब्लॉक गरम आहे, गरम ब्लॉकचं माप खोटं येतं." सकाळी गेलो. होनिंगचे दगड वर-खाली करत त्यांनी आत तिरप्या रेघांची जाळी काढली. तेल त्या जाळीत धरून राहतं. माझा आधीचा आरसा दिसायला सुंदर होता, तेल कुठे थांबणार? पिस्टन आणि ब्लॉकमध्ये त्यांनी साडेतीन थाऊ फरक ठेवला. रिंग ब्लॉकमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, सरकवला. हिशेब बोअरच्या इंचाला चार थाऊ, म्हणजे आपल्या पावणेतीन इंचाला अकरा. एका रिंगला नऊ भरले. ती त्यांनी बारीक कानशीने घासली. एकदा, पुन्हा मोजलं, पुन्हा एकदा.

ब्लॉक घरी नेऊन गरम पाण्यात कपड्याच्या साबणाने धुवा म्हणाले. पांढरं फडकं आत फिरवा, काळं निघतंय तोवर धुवा, मग लगेच तेल. होनिंगची पूड पेट्रोलने धुतली तर निघते असं वाटतं, पण जाळीत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते. मी बाथरूममध्ये चार वेळा धुतला. बायकोने दारातून फक्त एवढंच विचारलं की तो टॉवेल कुठला आहे.

तर तुम्ही शोधायला निघालात की माझं ऐका. मेकॅनिक चांगला असला तरी ब्लॉक तो बाहेर पाठवतो. कुठे पाठवतो ते विचारा आणि सोबत जा. नेत नसेल तर समजा मध्ये कमिशन आहे. ते असू दे, पण माणूस बघू दे. पिस्टन न बघता बोअर करायला तयार असेल तर चहा पिऊन परत या. ट्वेंटीत भागत असताना "थेट सिक्स्टी करून टाकू, एकदाच काय ते" म्हणाला, तरी परत या. सिक्स्टीच्या पुढे बहुतेक लायनरच, म्हणजे ब्लॉकच्या आत नवी नळीच, घालावी लागते. आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या खालचा फिरता भाग, लगेच देऊ नका. आधी ब्लॉकचं काम बघा. क्रँकचं काम, म्हणजे दोन चाकांमधली पिन काढून नवा रॉड बसवायचा आणि डायल लावून तांब्याच्या हातोडीने ठोकत सरळ करायचं, हे बोअरिंगपेक्षा खूप नाजूक. काकासुद्धा ते करत नाहीत. "ते माझं काम नाही," म्हणून त्यांनी मला तुर्भ्याला दुसऱ्याकडे पाठवलं. तुर्भ्याचा माणूस बोलायला तिरसट, पण क्रँकबरोबर त्यानेही मापाची चिठ्ठी दिली.

काकांचा पत्ता इथे लिहीत नाही, कारण ते एकटे आहेत आणि आताच महिनाभर थांबावं लागतं. समोर भेटलात तर सांगेन. शुक्रवारी जाऊ नका, गाळा बंद असतो. पिस्टन घेऊन जा. माझ्या ब्लॉकची चिठ्ठी टूलबॉक्समध्ये आहे, तेलाने पिवळी पडली आहे पण सहाही आकडे वाचता येतात. मिसळीपाशी विचारा, दाखवतो.