आमची वाटचाल: रॉड ब्रेककडून रॉड ब्रेककडे

वडिलांनी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत दुकान टाकलं तेव्हा ते सायकली विकत नसत, तासावर भाड्याने देत. बारा काळ्या सायकली, तारेऐवजी लोखंडी सळयांनी ओढला जाणारा रॉड ब्रेक, मडगार्डवर रंगवलेले नंबर आणि एक वही. सकाळी खडकीच्या कारखान्याकडे कामगारांच्या सायकलींची रीघ लागायची. संध्याकाळी त्याच सायकली पंक्चर, सैल चेन, वाकडं पायडल घेऊन आमच्या दारात यायच्या. चाक ज्यांच्यावर फिरतं ते छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या, मोजायला मी तिथेच शिकलो. पुढच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, एका बाजूला दहा, मागच्या हबला नऊ. एक जरी कमी भरला तरी वडील चाक परत खोलायला लावत.

2012 साली मी गिऱ्हाइकांच्या मागणीनुसार दुकान बदललं. गिअरच्या सायकली, डिस्क ब्रेक, क्लिपचे बूट, हेल्मेट, काचेचं कपाट. विक्री चांगली झाली, पण दुरुस्तीने माझी झोप उडाली. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, ज्या छोट्या हँगरवर बसतो, तो जवळपास प्रत्येक मॉडेलचा वेगळा. सायकल नुसती उजव्या कुशीवर पडली तरी तो वाकतो. पंढरपूरच्या सायकलवारीला निघालेल्या एका मुलाचा हँगर आदल्या संध्याकाळी तुटला. ज्यांच्याकडून मी माल घेत होतो ते म्हणाले, भाग यायला महिना लागेल. सायकल माझ्याच दुकानातून गेलेली, आणि मला ती उभी करता येईना. तो गेल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

मग 2020 आलं. टाळेबंदी उठता उठता सगळ्यांना सायकल हवी झाली आणि नवा माल मिळेना. लोक जिन्याखाली वर्षानुवर्षं पडलेल्या आजोबांच्या सायकली घेऊन यायला लागले. धूळ, गंज, टायर चिरलेले. पण खोलून पाहावं तर फ्रेम शाबूत, छर्रे ज्यांच्यात फिरतात ते कप-कोन चांगले. पायडलचा दांडा पक्का धरणारी नवी कॉटर पिन कानशीने घासून बसवली, छर्रे बदलले, ग्रीस भरलं, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला की सायकल रस्त्यावर. त्याच वर्षी 3 जूनला, जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलास या जुन्या सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याची बातमी वाचली. पोटात खड्डा पडला. तेव्हापासून मी जुने सुटे भाग भंगारात जाऊ देत नाही.

आता आम्ही फक्त साध्या सायकलींचं काम करतो. 28 इंची चाक, चेनच्या पुढच्या चक्राला 44 दाते, मागच्याला 18. पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर अंतर. शहरातल्या सपाट रस्त्याला तेवढं पुरतं. रॉड ब्रेकचं रबर रिमला आतून, हबच्या बाजूने दाबतं, म्हणून चाकात थोडा आउट असला तरी ब्रेक लागतो. पूर्ण चेनकव्हरमुळे साडीला, पँटला काळं लागत नाही. डायनॅमोला चार्जिंग लागत नाही. चामड्याची सीट पहिले काही महिने टणक लागते, मग बसणाऱ्याचा आकार घेते. फक्त तिला तेल पाजून पाजून मऊ करू नका, ती झोळीसारखी खाली बसते.

गिऱ्हाइकाला मी उणिवाही सांगतो. पावसात स्टीलची रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून अंतर जास्त ठेवा. थांबलात की डायनॅमोचा दिवा विझतो, तेव्हा मागे रिफ्लेक्टर हवाच. आणि रोज सिंहगड चढायचा असेल तर गिअरची सायकल घ्या. तिच्यासाठी मी दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो.

माझी मुलगी आता चाक बांधते. पुढे 32 स्पोक, मागे 40. मागच्या महिन्यात तिने बांधलेलं पहिलं चाक एका दूधवाल्याच्या सायकलला बसवलं. दोन्ही बाजूंना किटल्या लावून तो रोज पहाटे दुकानावरून जातो, आणि ती खिडकीतून फक्त मागचं चाक बघते.