आमची वाटचाल : 'काल रात्री काय खाल्लं होतं?'

दवाखाना डॉक्टरांचा, धंदा माझा. आमच्या घरात कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे. डॉक्टर म्हणजे माझे यजमान. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ते कराडला आले, मी बी.कॉम. गाळ्याचं डिपॉझिट, औषधांची बिलं, फ्रीजमधल्या लसी, उधारीची वही हे सगळं माझ्याकडे. लोक मला 'वहिनी' म्हणतात आणि डॉक्टरांना जे सांगत नाहीत ते मला सांगतात. आमचा दवाखाना टिकला तो बराचसा या दुसऱ्या गोष्टीवर.

सुरुवातीची वर्षं शटर उघडायचं ते नावाला. डॉक्टर दिवसभर मोटरसायकलवर. कुठे म्हैस अडलेली, कुठे गाय फुगलेली. कुत्रं यायचं ते मळ्यातलं, उसाच्या तोडीत घोणस चावलेलं. मालक पोत्यात घालून आणायचा, 'वाचलं तर बघा' म्हणायचा, आणि पैशाचं बोलणं उसाचं बिल आल्यावर. मग मलकापूर, विद्यानगरकडे फ्लॅट वाढले, लॅब्राडोर आले, पग आले, पर्शियन मांजरं आली आणि आमच्या बाकावरची माणसं बदलली.

फरक लगेच कळला. म्हशीचा मालक सगळं खरं सांगतो : दूध किती आटलं, शेण कसं पडलं, पेंड कधी बदलली. दुधावर घर चालतं, लपवून जाणार कुठे? कुत्र्यामांजरांच्या घरात मात्र माणसं एकमेकांपासूनच लपवतात. 'काय खाल्लं होतं काल रात्री?' विचारलं की सून म्हणते, 'फक्त त्याचं फूड.' आणि आजोबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतात.

एक मांजर आलं होतं, तोंड सुजलेलं, हिरड्या चॉकलेटी पडलेल्या, धाप लागलेली. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध दिलंत का? सगळ्या घराचं एकच उत्तर, नाही. ते मांजर आत नेल्यावर मी बाहेर सहज विचारलं, 'घरात कुणाला ताप-बीप आहे का?' तेव्हा आजी बोलल्या. मांजराचे कान गरम लागले म्हणून त्यांनी आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली होती. मायेनंच दिली होती, त्यात शंका नाही. पण मांजराचं यकृत ही गोळी पचवू शकत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकदच जाते. अर्धी गोळीसुद्धा जिवावर बेतते. कारण कळलं म्हणून उताऱ्याचं औषध वेळेत गेलं आणि ते मांजर वाचलं. आणि कान गरम लागण्याचं म्हणाल, तर कुत्र्यामांजरांचं नेहमीचं तापमानच 101-102 फॅरनहाइटच्या आसपास असतं. आपल्या हाताला ते तापलेलंच वाटणार.

तेव्हापासून आमच्याकडे केसपेपर मी लिहिते आणि बाहेर लिहिते. शक्यतो घरातल्या सगळ्यांसमोर नाही. गोडाऊनमध्ये उंदरांसाठी काही ठेवलंय का, हे मालकाला नाही, राखणदाराला विचारायचं. काही उंदीरनाशकं अशी असतात की कुत्र्याला तीन-चार दिवस काहीच होत नाही आणि मग नाकातून, लघवीतून रक्त यायला लागतं. तोवर त्या पुडीचा आणि दुखण्याचा संबंध कुणाच्या लक्षातही नसतो. अशा कुत्र्याला व्हिटॅमिन के कित्येक आठवडे द्यावं लागतं, मध्येच सोडून चालत नाही. म्हणून फोनवरच सांगते : पुडी, डबी, रॅपर, जे असेल ते घेऊन या. ओरडणार कुणी नाही.

सगळ्यात अपमान वाटणारा प्रश्न मात्र विषाचा नाही, गोचिडांचा. 'आमच्याकडे? शक्यच नाही, रोज फरशी पुसतो.' अहो, मादी अंडी घालते ती भिंतीच्या फटीत, हजारांनी. नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. गोचीड ताप श्रीमंतांच्या बंगल्यातही होतो. उलट बंगल्यात फटी जास्त असतात, असं माझं निरीक्षण आहे.

दुसरी लपवालपवी चाव्याची. 'चावला नाही हो, नुसता दात लागला.' जखमेवर हळद नाहीतर चुना थापलेला असतो. माणसांना आम्ही औषध देत नाही, पण साबण आणि वाहत्या नळाखाली 15 मिनिटं जखम धुवायला लावतो, नळ आमचाच, आणि तिथूनच सरकारी दवाखान्यात लसीसाठी पाठवतो. रेबीज एकदा अंगात दिसायला लागला की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही, हे मात्र मी ओरडून सांगते. तेवढं एक ओरडणं मी राखून ठेवलंय.

आता तक्रारींचं. 'माणसांच्या डॉक्टरपेक्षा महाग' हे मी दर आठवड्याला ऐकते. पार्व्हो म्हणजे पिलांना उलट्या-जुलाब लावणारा विषाणू. त्याच्या पिलावरून तर भांडणंही झाली : पाच दिवस सलाईन, हजारोंचं बिल आणि तरी पिल्लू गेलं. त्या माणसाचा राग मला खोटा वाटत नाही. पण त्या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नाही. उलट्या थांबवायच्या, पाणी टिकवायचं आणि पिलाचं अंग लढेपर्यंत त्याला तगवायचं, एवढंच. आता हे सगळं, दरासकट, पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देतो. लसीचंही तसंच. 'पहिला डोस झालाय की' म्हणतात. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून 16 आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी डोस लागतात, हे कार्डावर मोठ्या अक्षरात छापून घेतलं. आणि लस न झालेली पिल्लं गाडीतच किंवा रिक्षात थांबतात, आम्ही बाहेर येतो. ही सूचना एका मालकिणीची. जुलाब झालेल्या पिलाशेजारी बसायला तिनं साफ नकार दिला होता.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पिल्लं आली. कराडच्या मे महिन्यात बर्फातलं केसाळ हस्की कुत्रं! त्यावर मी काही बोलत नाही, डॉक्टर बोलतात, खूप बोलतात.

आता शिरवळहूनच शिकलेली एक मुलगी डॉक्टर म्हणून आमच्याकडे आहे. म्हशीचं अडलेलं वेत आलं की डॉक्टर अजून रात्री स्वतः जातात, मोटरसायकल तीच. रक्त तपासणीचं मशीन पुढच्या महिन्यात येतंय, कर्जावर. हप्ता माझ्या सहीनं जाणार, म्हणून उधारीची वही मी कपाटात ठेवून कुलूप लावलंय. उसाच्या बिलावर अजूनही चालेल, पण ते फक्त म्हशीवाल्यांना.