'डिस्कस'मागचा 'अबाउट' आणि चर्चेची बाकीची क्रियापदं

'वी विल डिस्कस अबाउट धिस टुमारो.' बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ऑफिसांतल्या मेलमध्ये हे वाक्य हमखास सापडतं. यातला 'अबाउट' नको. तो येतो आपल्या बोलण्यातून: मराठीत आपण कशाविषयी तरी चर्चा करतो, कन्नडमध्येही 'बग्गे' लागतंच. 'डिस्कस'ला मात्र कर्म थेट जोडतात: डिस्कस द बिल, डिस्कस द लीव्ह. घोळ वाढतो तो नामामुळे, कारण 'अ डिस्कशन अबाउट द बिल' अगदी बरोबर आहे. नाम असेल तर 'अबाउट' राहू द्या, क्रियापद असेल तर काढा.

अर्थच्छटांसाठी सीमाप्रश्नच घेऊ, इथे तो घरोघरी माहीत आहे. कट्ट्यावर चार जण त्यावर बोलतात ते डिस्कस. निर्णय व्हायलाच हवा असं नाही. हिवाळी अधिवेशनात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटकचे आमदार बाजू घेऊन, नियमांनुसार बोलतात ते डिबेट. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात वकील करतात ते आर्ग्यू. न्यायाधीश निकालाआधी सगळं तोलून बघतात ते डिलिबरेट. या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला तराजू, 'लिब्रा', आहे. दोन सरकारं देवाणघेवाणीच्या तयारीने बसली, तरच निगोशिएट.

सगळ्यात जपून वापरायचा तो आर्ग्यू. 'आर्ग्यू दॅट' म्हणजे कारणं देऊन मुद्दा मांडणं, 'आर्ग्यू फॉर' म्हणजे बाजूने बोलणं. पण 'आय आर्ग्यूड विथ द मॅनेजर' लिहिलंत की वाचणारा समजतो, हा साहेबाशी भांडला. शांतपणे वेगळं मत दिलं असेल तर 'डिसअग्रीड विथ' लिहा. डॉक्टर-वकिलाचा सल्ला घ्यायला कन्सल्ट. तिथेही मधे 'विथ' नको.

बाजारातली गंमत निराळी. गणपत गल्लीत मेथीच्या जुडीवर चालते ती घासाघीस म्हणजे बार्गेन किंवा हॅगल. निगोशिएट तिथे फार जड होतो. कन्नडमध्ये घासाघिशीला 'चौकाशी' म्हणतात आणि आपली 'चौकशी' म्हणजे नुसती विचारपूस. दोन्ही भाषा तोंडात असल्या की भाषांतर करताना इथे पाय घसरतो. दराची चौकशी केली तर 'आस्क्ड द प्राइस', चौकाशी केली तर 'बार्गेन्ड ओव्हर द प्राइस'. हा 'ओव्हर' गाळू नका. 'निगोशिएट द प्राइस' चालतं, 'बार्गेन द प्राइस' चालत नाही.