कुणावर गेलंय?

मूल जन्माला येऊन तास होत नाही, तोच त्याची वाटणी सुरू होते. नाक आईचं, कपाळ आजोबांचं, कानाच्या पाळ्या मात्र त्या घरच्या. त्या जिवाचे डोळेसुद्धा अजून नीट उघडलेले नसतात, पण वाटणीपत्र तयार! पुढे ते बोलायला, हट्ट करायला लागलं की गाडी नाकाकानावरून स्वभावावर येते. चांगले गुण दोन्ही घरं हक्काने मागतात. तापटपणा तेवढा कायम पलीकडच्या घरातून आलेला असतो. गणितात पहिला आला तर ‘रक्तातच आहे हो’, आणि पाहुण्यांसमोर उलटून बोलला तर ‘हेच का संस्कार?’ हा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा आईकडे बघून विचारतात.

म्हणजे स्वभाव रक्तातून येतो की वळणातून, हे आपण कुतूहलापोटी फारसं विचारतच नाही. श्रेय कुणी घ्यायचं आणि खापर कुणाच्या माथी फोडायचं, एवढंच ठरवायचं असतं. आणि ही खोड काही फक्त घरगुती नाही.

फ्रान्सिस गाल्टन हे नाव या वादाच्या मुळाशी आहे. हा डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा. १८६९ साली त्याने नामवंत न्यायाधीश, मुत्सद्दी, शास्त्रज्ञ यांची नातीगोती तपासली आणि कर्तबगारी घराण्यातून उतरते असा निष्कर्ष काढला. त्याच घराण्यांतून पैसा, शिक्षक आणि ओळखीपाळखीही उतरतात, याला त्याने फारसं महत्त्व दिलं नाही. स्वतः त्याच वर्गातला असल्यावर ते सुचणं जरा अवघडच. १८८३ मध्ये त्याने सुप्रजननशास्त्राला, म्हणजे ‘चांगल्या’ माणसांची संतती वाढवायची आणि ‘वाईटां’ची रोखायची या विचाराला, नाव दिलं. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने ‘अयोग्य’ ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, आणि १९३३ मध्ये जर्मनीने तसाच कायदा करून लाखो माणसांवर तो चालवला. ‘खाण तशी माती’ ही म्हण कायद्याच्या पुस्तकात गेली की काय होतं, ते असं.

मग लंबक दुसरीकडे गेला. जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने छातीठोकपणे सांगितलं की डझनभर धडधाकट बाळं त्याच्या हाती दिली, तर त्यातलं कुठलंही उचलून तो त्याला डॉक्टर, वकील, नाहीतर चोरसुद्धा बनवून दाखवील. आपल्याकडे याला पुरावा नाही हेही त्याने लगेच कबूल केलं होतं, पण ते वाक्य कुणी लक्षात ठेवत नाही. मुलांना फार कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, असाही सल्ला त्याने आयांना दिला. बरं, संस्कार हेच सर्वस्व असं एकदा मानलं की मूल वेगळं निघाल्यावर आरोपी शोधायला लांब जावं लागत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या आयांना डॉक्टरच सांगायचे, तुम्ही थंडपणे वागलात म्हणून हे झालं. रात्र रात्र जागणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल? १९७७ साली फोल्स्टाइन आणि रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांचा अभ्यास केला. हुबेहूब जुळ्यांची जनुकं सारखीच असतात, साध्या जुळ्यांची इतर भावंडांइतकीच जुळतात. हुबेहूब जुळ्यांपैकी एक स्वमग्न असेल तर दुसराही तसा असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं. त्या आयांची सुटका शेवटी जनुकांनी केली.

आता आकडाच हवा असेल तर तोही आहे. २०१५ साली जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. १.४५ कोटी जोड्या, हजारो गुणधर्म, आणि आनुवंशिकतेचा सरासरी वाटा ४९ टक्के. जवळपास निम्मं-निम्मं! दोन्ही घरांनी पेढ्याचा पुडा समोरासमोर ठेवावा असा निकाल. पण हा आकडा माणसामाणसांतल्या फरकांविषयी बोलतो, एकेका माणसाविषयी नाही. माझ्या रागातला ४९ टक्के राग वडिलांचा, असा त्याचा अर्थ होत नाही. टाळीत उजव्या हाताचा वाटा किती, असं विचारण्यासारखंच ते. शिवाय जन्मजात म्हणजे अटळ, असंही नाही. फेनिलकीटोन्युरिया हा आजार पुरता आनुवंशिक; त्यात प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही आणि तो साचून मेंदूला इजा करतो. पण जन्मल्याबरोबर रक्त तपासून आहार बदलला तर मेंदूची हानी टाळता येते.

मला खरं कोडं पडतं ते भावंडांचं. माझे वडील कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघायचे. दोनदा सरळ आणि तिसऱ्यांदा जरा तिरकं, जणू कुलपाला बेसावध गाठायचंय. मग दोन पायऱ्या उतरून थांबायचे. आम्ही पुढे गेलेलो असायचो, आणि मागून पुन्हा कडीचा आवाज यायचा. मी आज अगदी तसंच करतो, तिरक्या हिसक्यासकट. हे रक्तातून आलं म्हणावं, तर इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर बघितलंय. बघून आलं म्हणावं, तर माझ्या धाकट्या भावानेही तेच बघितलंय, आणि तो दार नुसतं लोटून बाहेर पडतो.

‘एकाच घरात वाढले’ असं आपण सहज म्हणतो. एकच घर दोघांना मिळतं कुठे? थोरल्याला धास्तावलेले, नवखे आईबाप मिळतात. धाकट्याला तेच दमलेले, पण सैलावलेले मिळतात, वर एक थोरलाही. त्यातून मुलं स्वतःच घराला वळण लावतात. खुदकन हसणारं बाळ येणारा-जाणारा उचलून घेतो, त्याच्याशी चार शब्द जास्त बोलतो. किरकिऱ्या बाळाला उचललं तरी लवकर खाली ठेवतात. वीस वर्षांनी पहिलं माणसांत रमतं आणि आपण म्हणतो, घरातलं वातावरण मोकळं होतं ना! ते वातावरण निम्मं त्यानेच केलेलं असतं. आईबाप मुलांना घडवतात यावर एवढं बोललं जातं. मुलं आईबापांना कशी घडवतात, हे बोलायला कुणाला सवड नसते.

जर्मनीतल्या संशोधकांनी २०१३ साली हे उंदरांवर करून पाहिलं. जनुकं तंतोतंत सारखी असलेल्या ४० माद्या, सगळ्या मिळून एकाच ऐसपैस, अनेक मजली पिंजऱ्यात. ना मामा ना आत्या, ना चांगली शाळा ना वाईट संगत. तीन महिने प्रत्येकीच्या हालचालींची नोंद ठेवली. काही सगळा पिंजरा पालथा घालू लागल्या, काही ठरावीक कोपऱ्यांपलीकडे जाईनात, आणि दिवसागणिक हे अंतर वाढत गेलं. हिंडणाऱ्यांच्या मेंदूत नव्या पेशीही जास्त तयार झालेल्या दिसल्या. रक्त एक, घर एक, तरी ४० स्वभाव. आता यांतली भटकी कुणावर गेली म्हणायची?