खोली स्टेशनजवळ घेतली होती

३० जून २०२४, रविवार. जालन्याहून तपोवन एक्सप्रेसने नाशिकरोडला उतरलो तेव्हा माझ्याकडे एक ट्रंक, एक गादी आणि मोबाईलमध्ये एक एक्सेल शीट होती. शीटमध्ये सगळा हिशेब मांडलेला होता: पगार एकवीस हजार, भाडं साडेचार, खानावळ तीन, घरी सहा. बी.कॉम. झाल्यावर जालन्यात एका कर सल्लागारांकडे दोन वर्षं काढली होती, त्यामुळे हिशेबात चूक होणार नाही याचा भलता विश्वास होता.

खोली घेतली जेल रोडला. कारण एकच, स्टेशन जवळ. आई म्हणाली होती, "रातीबेराती गाडीत बसता आलं पाहिजे." मलाही ते पटलं. नोकरी सातपूर एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. नकाशावर दोन्ही ठिकाणं 'नाशिक' या एकाच नावाखाली दिसत होती. नाशिकरोड आणि नाशिक यांच्यात किती अंतर आहे, हे नाशिककर हसून सांगतात आणि बाहेरून आलेला पाय दुखल्यावर शिकतो. मी तर नाशिकरोडहून त्र्यंबक रोडच्या टोकाला निघालो होतो. वाटेत द्वारका चौकात गाडी अडकायची, सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, बस बदलायची, पुढे सातपूर. एका बाजूने सव्वा तास, पावसात त्याहून जास्त.

शेजारीच करन्सी नोट प्रेस. जिथे देशाच्या नोटा छापतात तिथून हाकेच्या अंतरावर राहून २५ तारखेनंतर मी मित्राकडे पाचशे रुपये मागत होतो. असो.

काम मात्र सुरुवातीपासून आवडलं, पण ते मला येत नव्हतं. जालन्यात स्टीलवाले, बियाणेवाले, मोसंबीचे व्यापारी पिशवीत बिलं घेऊन यायचे आणि आम्ही ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचो. तिथे बिल म्हणजेच सत्य. इथे माल आधी येतो, बिल मागून. पहिल्याच आठवड्यात प्लेटिंगवाल्याचं, म्हणजे आमच्या भागांवर मुलामा चढवून देणाऱ्याचं, बिल आलं, ५०० नगांचं. मी ते टाकलं. अकाउंट्सच्या सरांनी विचारलं, "चलन पाहिलं?" चलन म्हणजे मालासोबत येणारी पावती. पाहिलं नव्हतं. त्यांनी मला खाली स्टोअरला पाठवलं. तिथल्या भाऊंनी क्रेट ओढून दाखवली, पिवळ्या चलनावर पेन्सिलने ४९२ लिहिलेलं. आठ नग रिजेक्ट होऊन तिकडेच राहिले होते. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो गेला त्या दिवशीच विकला असं धरून त्यावर जीएसटी लागतो, हे मला पाठ होतं. पण ते आठ नग नेमके कुठल्या कोपऱ्यात पडलेत हे विचारायचं असतं, ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून बिल टाकण्याआधी मी एकदा खाली जाऊन येतो. भाऊ चहा पाजतात, हा वरचा फायदा.

भाषेचीही गंमत झाली. सर केबिनमधून विचारायचे, "टाकली का बिलं?" मी म्हणायचो, "टाकू लागलो." आमच्याकडे याचा अर्थ टाकतोय, चालू आहे काम. सरांना वाटायचं, अकरा वाजले तरी हा आत्ता कुठे सुरुवात करतोय. पंधरा दिवस ते माझ्यावर उगाच नाराज होते आणि मला कारण कळत नव्हतं.

महिन्याला एक लय असते. ७ ला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापलेला कर, भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण, १४ ला टूबी (पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी) आलं की पुरवठादारांची बिलं जुळवायची, १५ ला कामगारांचा पीएफ-ईएसआयसी, २० ला थ्रीबी, म्हणजे जीएसटी भरण्याचं रिटर्न. मध्ये छोट्या पुरवठादारांचे फोन: "साहेब, पंचेचाळीस दिवस झाले." उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान युनिटचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही, हा आयकरातल्या ४३बी(एच)चा नियम नवाच लागू झाला होता. त्यामुळे फोनवरच्या आवाजालाही धार आली होती.

२० ऑगस्टला, मंगळवारी, मी चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. पाऊस, द्वारका, नेहमीचंच. थ्रीबीचा शेवटचा दिवस, पोर्टल त्या दिवशी आधीच रडतखडत चालतं आणि टूबीच्या जुळवणीची शीट माझ्याच लॉगिनमध्ये होती. सर ओरडले नाहीत. रिटर्न गेल्यावर संध्याकाळी त्यांनी विचारलं, "एवढ्या लांब का राहतोस?"

"स्टेशन जवळ पडतं, सर."

"आल्यापासून किती वेळा गेलास गावाला?"

मोजलं. एकदा.

त्या रात्री एक्सेल उघडली आणि कधी न भरलेला कॉलम भरला. रोज अडीच तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे पासष्ट तास. आठ तासांची एक पाळी धरली तर महिन्यातले आठ दिवस मी बसमध्ये कामाला होतो, तेही तिकीट काढून. दुसऱ्याची आठ नगांची तफावत पकडणारा मी.

खोली बदलायची ठरली, पण करारात सहा महिन्यांचा लॉक-इन निघाला, म्हणजे त्याआधी खोली सोडता येत नव्हती. सही माझीच होती, वाचलं नव्हतं. डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं गेलं. त्याबद्दल कुणाला बोल लावणार?

नवी खोली सातपूरला, अशोकनगरमध्ये. सात हजार भाडं, धुळ्याच्या एका मुलासोबत निम्मं-निम्मं. तो क्वालिटीत, मी अकाउंट्समध्ये. घरमालकीण काकू म्हणाल्या, अ‍ॅग्रीमेंट एजंटकडून करू, साडेतीन हजार घेतो. पहिल्या वेळी मी असेच मुकाट दिले होते. या वेळी काकूंच्या ओट्यावर बसून कॅल्सी काढला. भाडं अकरा महिन्यांचं ७७,०००. डिपॉझिट २१,०००, त्यावर वर्षाला दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज १,९२५. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे दोनशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार, वर ऑनलाइनचे किरकोळ. काकूंनी चष्मा लावून आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाल्या, "मग उरलेले कशाचे घेतो तो?" अंगठा आणि फोटो घ्यायला माणूस घरी येतो त्याचे थोडे द्यावेच लागतात, तेवढे दिले. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची असते, हेही काकूंना सांगितलं. त्यानंतर इमारतीतल्या दोघांचे करार माझ्याकडे 'जरा बघ रे' म्हणून आले. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरायचं कामही मग माझ्याच गळ्यात.

आमच्या कारखान्याची सुट्टी शनिवारी. आधी वाईट वाटलं, सगळ्या जगाला रविवार आणि आपल्याला नाही. पण पहिल्या, तिसऱ्या शनिवारी बँक चालू असते. खात्यावरचा पत्ता बदलणं, केवायसी, सगळं एका शनिवारी उरकलं.

आता कामावर चालत जातो. बारा मिनिटं.

स्टेशन अर्थातच लांब गेलं. दिवाळीत ते जाणवलं. टीडीएसच्या तिमाही रिटर्नची मुदत ३१ ऑक्टोबर, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि मला बुधवारी ३० च्या रात्रीची, जालन्याला जाणारी देवगिरी एक्सप्रेस गाठायची होती. दुपारी फाईल तपासायला टाकली, तीन पॅन चुकीचे निघाले. त्यातला एक प्लेटिंगवाल्याचा, ओच्या जागी शून्य. संध्याकाळी साडेसहाला पावती आली. टेबलाखालून बॅग ओढताना सर दारात उभे होते.

"स्टेशनला जायचंय ना? मग आत्ताच निघ. द्वारकेला अडकशील."

"निघू लागलो, सर."

"म्हणजे निघालास की निघणार आहेस?"