स्पर्धा संपत आली आणि हातात दोन गुलाम

पोकरमध्ये एक्क्यांची जोडी कुणालाही खेळता येते. खरी गोची गुलामांची. आधी सोडवत नाही आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत, राणी पडली की धरवत नाही. कमी एन्ट्री-फीच्या टूर्नामेंटमध्ये, शेवटची दोन टेबलं उरलेली असताना, या हातावर बाहेर पडलेला माणूस नशिबाला शिव्या देत उठतो. पण बहुतेकदा त्याने आपला स्टॅक, म्हणजे समोरच्या चिप्स, किती बिग ब्लाइंडचा आहे, एवढंही मोजलेलं नसतं.

तेव्हा आधी मोजणी. समजा टेबल नऊ जणांचं, ब्लाइंड, म्हणजे दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा, १,०००/२,००० आणि मोठी रक्कम लावणाऱ्याचा, म्हणजे बिग ब्लाइंडचा, अँटी (जादा सक्तीची रक्कम) २,०००. कुणी काही करायच्या आधीच पॉटमध्ये, म्हणजे मधल्या गल्ल्यात, ५,००० पडलेले असतात. स्टॅक मोजायचा तो दोघांतला लहान. तुमच्याकडे ५०,००० असले आणि समोरच्याकडे २०,०००, तर तो हात २०,००० चाच.

१२ बिग ब्लाइंड म्हणजे २४,००० किंवा त्याहून कमी असतील आणि आधी कुणी आलं नसेल, तर सरळ ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स आत. ४,००० चा रेज केलात, म्हणजे रक्कम तेवढी वाढवलीत, तर बिग ब्लाइंडला ९,००० च्या पॉटसाठी फक्त २,००० टाकायचे असतात. शंभरात अठरा वेळा जिंकला तरी त्याचं भागतं, म्हणून तो काहीही घेऊन आत येतो. फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी निदान एक पत्ता पडण्याची शक्यता ५७ टक्के आहे. मुरलेल्या खेळाडूंमध्ये बारीक रेज करून समोरच्याला ऑल-इन करायला भरीस पाडतात. छोट्या स्पर्धेत ती कसरत कशाला? इथे ऑल-इनलाही लोक एक्का-नऊ घेऊन कॉल देतात, म्हणजे तेवढेच पैसे टाकतात. आधी दोघं लिंप करून (रेज न करता फक्त २,००० देऊन) आले असतील, तर पॉट ९,००० झालेला असतो. मग तर नक्कीच सगळं आत. ६,००० करून चौघांना फ्लॉप दाखवण्यात काही अर्थ नाही.

२५ बिग ब्लाइंड असतील तर गोष्ट वेगळी, आणि चुका होतात त्या इथेच. तुमच्याकडे ५०,०००, तुम्ही ५,००० वर उघडलंत. मागून २०,००० वाला ऑल-इन गेला, बाकीचे फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून बाहेर. पॉट ३०,०००, तुम्हाला द्यायचेत १५,०००. म्हणजे ४५,००० मधले १५,०००, ३३ टक्के. समोरचा कितीही घट्ट, म्हणजे मोजकेच हात खेळणारा, असला आणि त्याच्याकडे फक्त राणी-राजा-एक्क्यांच्या जोड्या किंवा एक्का-राजा एवढंच धरलं, तरी गुलाम साधारण ३६ टक्के वेळा जिंकतात. विचार करत बसायचं नाही, कॉल.

आता हाच ऑल-इन ५०,००० वाल्याकडून आला असं धरा. पॉट ६०,०००, द्यायचेत ४५,०००, लागतात ४३ टक्के. वरच्याच घट्ट हातांसमोर तुमचे ३६ पुरत नाहीत. पण तो दहाची जोडी आणि एक्का-राणीही असाच ढकलत असेल, तर तुमचे ४७ च्या आसपास होतात आणि कॉल बसतो. म्हणजे पत्ते तेच, आकडे तेच. निर्णय फिरतो तो समोरच्या माणसावर. दोन तास गप्प बसून लिंप-फोल्ड करणारा गृहस्थ अचानक २५ ब्लाइंड सरकवतो, तेव्हा गुलाम टाकावेत. आधी लिंप करून मग तुमच्या रेजवर ऑल-इन जाणारा तर त्याहून वाईट. छोट्या टेबलांवर त्या चालीमागे एक्के किंवा राजे असतात असंच समजून चालावं. तुमच्या आधी एकाने रेज आणि दुसऱ्याने ऑल-इन केलेलं असेल, तरीही बहुतेकदा फोल्डच.

फ्लॉप पाहावाच लागला, तर ९-६-२ सारखा आल्यावर चेक करून, म्हणजे काहीच न लावता, सापळा लावू नका. ५,००० ला एकट्या बिग ब्लाइंडने कॉल केला असेल तर पॉट १३,०००. तिथे ८,००० लावा. कॉल आला तर पॉट २९,००० आणि तुमच्याकडे ३७,००० उरतात, टर्नला (चौथ्या पत्त्याला) सगळं आत. समोर राजा-राणी असेल तर त्याला पुढे नेणारे सहा पत्ते शिल्लक आहेत. फुकट दिलेल्या एका पत्त्यावर त्याला १३ टक्के मिळतात, आणि ते तुम्ही दिलेले असतात. फ्लॉप राणी-७-३ आला तर पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी एक बेट पुरे. रेज आला की सोडा.

२०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आली, त्यामुळे स्क्रीनवर शिकलेले बरेच जण आता गोव्यात प्रत्यक्ष टेबलावर बसतात. त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट: ५,००० ची एकच चिप न बोलता टाकलीत, तर सर्वसाधारण नियमाने तो २,००० चा कॉल धरतात. मागून चौघं आत येतात आणि गुलामांचं मातेरं होतं. आधी तोंडाने ‘रेज’ म्हणा, मग चिप टाका.

राहिला बबल, म्हणजे बक्षिसांच्या उंबरठ्यावरची वेळ. चार जण उरलेत, बक्षिसं तिघांना, ५०-३०-२० टक्के, चौघांचे स्टॅक सारखे. प्रत्येकाचा वाटा बक्षिसाच्या २५ टक्के. तुम्ही एकाला उडवून दुप्पट झालात तर आयसीएमच्या (चिप्सवरून बक्षिसातला वाटा काढणाऱ्या) हिशेबाने तुमचा वाटा ५० होत नाही, ३८.३ होतो. म्हणून ब्लाइंड बाजूला ठेवले, तर ऑल-इनला कॉल करायला जिंकण्याची ६५ टक्के शक्यता हवी. सातपासून वरच्या जोड्या, एक्का-दहापासून वरचे एक्के आणि राजा-राणी एवढ्या मोकळ्या हातांसमोरही गुलाम जेमतेम ५८ वर जातात. म्हणजे फोल्ड! स्वतः पहिल्यांदा ढकलणं वेगळं, कारण ६५ चा भार मग समोरच्यावर पडतो. मात्र त्याला हा हिशेब माहीत असेल तरच तो फोल्ड करेल. कॉलच करत सुटणारा असेल, तर तुमच्याइतका किंवा मोठा स्टॅक त्याच्याकडे असताना सावध राहा. तुमच्याहून लहान असेल तर खुशाल ढकला, हरलात तरी उरता. शंभर-दीडशे जणांच्या स्पर्धेत शेवटचं बक्षीस एन्ट्रीच्या जेमतेम दीड-दोन पट असतं, तिथे बबलला एवढं घाबरायचं कारण नाही. हा दाब खरा जाणवतो तो शेवटच्या टेबलावर, आणि विशेषतः दोन ब्लाइंड उरलेला कुणी पुढच्याच हाताला बिग ब्लाइंडमध्ये येणार असेल तेव्हा.

सॅटेलाइटमध्ये, म्हणजे मोठ्या स्पर्धेतली जागा हेच बक्षीस असलेल्या स्पर्धेत, तर हे टोकाला जातं. दहा जागा, अकरा खेळाडू, तुम्ही चिप्समध्ये दुसरे आणि पहिल्याने ऑल-इन केलंय. जागा सगळ्या सारख्याच किमतीच्या, त्यामुळे आणखी चिप्स मिळवून काहीच वाढत नाही. तिथे गुलामच काय, एक्क्यांची जोडीही खाली ठेवायची.